बारा मिलिमीटरची हरळी
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : गोल्फ

मागच्या अंकात याच सदरात आम्ही फेअरवेबद्दल (टी म्हणजे पहिल्या फटक्याची जागा, तिथून होलकडे जाणारा आखूड गवताचा पट्टा) लिहिलं होतं, 'फेअरवेचं गवत जितकं आखूड, तितका बॉल स्वच्छ लागतो.' त्यावर खारघर, नेरुळ, ठाणे, पनवेलहून पत्रं आली, आणि बहुतेकांचा सूर एकच: 'स्वच्छ लागतो म्हणता, आमचा तर टॉप होतो!' (म्हणजे क्लबची कड बॉलच्या पोटावर किंवा डोक्यावर बसते आणि तो जमिनीलगत सुटतो.) तक्रार रास्त आहे. ते वाक्य अर्धंच होतं. बॉल आधी आणि जमीन नंतर, अशा क्रमाने ज्याचा क्लब (गोल्फची काठी) येतो, त्याच्यासाठी आखूड गवत सोपं. ज्याचा क्रम उलटा, त्याला ते लांब गवतापेक्षा जास्त छळतं. उरलेलं अर्धं खालच्या उत्तरांत आहे.

रफमधून (फेअरवेबाहेरच्या लांब गवतातून) मारलेला माझा ७ आयर्न (लोखंडी क्लब; आकडा मोठा तितकं तोंड जास्त तिरकं) कधीकधी फेअरवेवरच्यापेक्षा दहा-पंधरा यार्ड लांब जातो आणि ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत गवतावर) थांबतच नाही. फेअरवेवरून मात्र बॉल खालून निघतो, मग चढतो, आणि पडला की थांबतो. जास्त गवत मध्ये आलं तर बॉल कमी जायला हवा ना?
— घोडबंदर रोड, ठाणे

क्लब आणि बॉल एकमेकांना सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग चिकटलेले असतात. तेवढ्यात क्लबच्या तोंडाने बॉलला धरलं तर तो उलटा फिरत निघतो. धरायला जमलं नाही तर बॉल तोंडावरून वर घसरतो. घसरला की दोन गोष्टी होतात: तो जास्त उंच कोनाने निघतो आणि त्याची फिरकी कमी होते.

चांगल्या राखलेल्या फेअरवेवर गवत साधारण १० ते १३ मिलिमीटर असतं. मध्ये अडकायला पातं जवळपास नसतंच, त्यामुळे पकड पक्की बसते. व्यावसायिक खेळाडूंच्या ७ आयर्नची सरासरी पाहिली तर बॉल सुमारे १६ अंशांनी निघतो आणि मिनिटाला सात हजारांच्या आसपास उलटे फेरे घेतो. या फिरकीमुळे बॉलच्या वरची हवा खालच्या हवेपेक्षा जोरात मागे सरकते आणि बॉल उचलला जातो. एडिंबरा विद्यापीठाच्या पीटर टेट यांनी १८९०च्या दशकातच हे उलगडून दाखवलं होतं. तुम्हाला दिसणारं 'खालून निघून मग चढणं' म्हणजे हीच उचल.

रफमध्ये पाती तोंड आणि बॉल यांच्यामध्ये चिरडतात, त्यांतलं पाणी बाहेर येतं आणि तोंड निसरडं होतं. आता बॉल लांब का जातो? कारण लोखंडी क्लबची फिरकी अंतरासाठी लागते त्यापेक्षा जास्तच असते. जादा फिरकी बॉलला उचलते तशी हवेत अडवतेही. ती घटली की बॉल पुढे पळतो, चपट्या कोनात उतरतो आणि ग्रीनवरून निघून जातो. गोल्फर याला 'फ्लायर' म्हणतात.

पण हे अर्धवट रफचं झालं. गवत खूप खोल असेल तर ते क्लबच्या मानेला गुंडाळतं, वेग खातं, आणि बॉल खरोखरच कमी जातो. फ्लायरची चिन्हं अशी: बॉल अर्धा दिसतोय, पाती लक्ष्याच्या दिशेने झुकलेली आहेत, बोट लावलं तर ओल जाणवते. असं दिसलं तर एक क्लब कमी घ्या (७ ऐवजी ८) आणि बॉल ग्रीनच्या अलीकडे पाडा. फेअरवेवर फ्लायरची भीती फारशी नाही, दव आणि पाऊस सोडून. त्याबद्दल पुढे.

जाता जाता, २०१० पासून २५ अंश आणि त्याहून जास्त लॉफ्टच्या (तोंडाच्या तिरकेपणाच्या) क्लबवरच्या ग्रूव्हच्या, म्हणजे तोंडावरच्या खाचांच्या, कडा किती धारदार असाव्यात यावर नियमाने मर्यादा आली, ती याच कारणाने. धारदार ग्रूव्ह रफमधूनही बॉलला पकडत होते आणि फेअरवे चुकवल्याची शिक्षाच उरली नव्हती. कोरड्या, आखूड गवतावर मात्र जुन्या-नव्या ग्रूव्हमध्ये फरक थोडाच पडतो.

सरावाच्या रेंजवर, मॅटवर माझे आयर्न छान लागतात. कोर्सवर गेलं की टॉप, नाहीतर जमीनच खणली जाते. कोच म्हणतात स्विंग तोच आहे.
— सेक्टर १९, नेरुळ

कोच बरोबर आहेत, स्विंग तोच आहे. मॅट खोटं बोलते.

मॅटवर क्लब बॉलच्या पाच सेंटिमीटर मागे टेकला तरी तो प्लॅस्टिकच्या केसांवरून सरकत पुढे जातो आणि बॉल बऱ्यापैकी मारतो. आवाजही गोड येतो. तोच स्विंग आखूड गवताच्या टणक जमिनीवर केला तर तळ आपटून उसळतो आणि कड बॉलच्या पोटात बसते. हा टॉप. पावसाळ्यानंतरच्या मऊ जमिनीत तो उसळत नाही, रुततो. हा फॅट. चूक एकच, जमीन बदलली की तिचं नाव बदलतं.

जरा आकडे मांडतो. क्लबचं डोकं साधारण दीड मीटर त्रिज्येच्या कमानीत फिरतं असं धरा. कमानीचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या ५ सेंटिमीटर मागे असला तर बॉलपाशी येईपर्यंत डोकं जेमतेम १ मिलिमीटर वर आलेलं असतं. एवढ्याने टॉप होत नाही. तोच बिंदू १५ सेंटिमीटर मागे गेला तर चढ साडेसात मिलिमीटर होतो, आणि तो पिचिंग वेजला (जास्त तिरक्या तोंडाच्या क्लबला) भारी पडतो; का, ते पुढच्या उत्तरात. म्हणजे थोड्या चुकीत दोष जमिनीवरच्या उसळीचा, मोठ्या चुकीत कमानीचा. चांगल्या खेळाडूचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या सुमारे १० सेंटिमीटर पुढे असतो. म्हणून त्यांचा डिव्हट (क्लबने गवत उडून पडलेला खड्डा) बॉल होता तिथून पुढे सुरू होतो, मागे नाही.

तुमचा बिंदू कुठे आहे हे पाहायला रांगोळी घ्या. सरावाच्या जागेत (फेअरवेवर नाही, आणि तिथल्या माणसाला विचारून) गवतावर हातभर लांब सरळ रेघ ओढा. बॉल ठेवायचा नाही. रेघ दोन्ही पावलांच्या मधोमध येईल असे उभे राहा आणि ९ आयर्नने स्विंग करा. रेघेवर किंवा तिच्या पुढे गवत उडालं तर ठीक. मागे उडालं तर किती मागे ते बोटांनी मोजा. रेघेच्याच लांबीत थोडं सरकून पुन्हा. दहापैकी सात वेळा रेघेच्या पुढे येईपर्यंत बॉल ठेवू नका.

बिंदू मागेच पडत असेल तर तीनच गोष्टी पाहा. बॉल फार पुढे, म्हणजे डाव्या टाचेजवळ ठेवलाय का (उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी सांगतोय)? खाली येताना वजन उजव्याच पायावर राहिलंय का? बॉलला 'उचलायला' मनगट आधीच मोकळं होतंय का? तिसरी सवय सगळ्यात चिवट. आखूड गवतावर बॉल जमिनीला चिकटलेला दिसतो आणि डोक्यात येतं की याला खालून उचललं पाहिजे. उचलायचं काम लॉफ्टचं आहे. ते क्लबवर आधीच कोरलेलं आहे.

मॅटवरच सराव करावा लागत असेल तर बॉलच्या मागे वीतभरापेक्षा थोड्या कमी अंतरावर घडी घातलेला पंचा ठेवा. पंचा हलला तर फेअरवेवर तो फटका बिघडला असता असं समजा.

ग्रीनच्या कडेला जिथे गवत अगदी खरवडल्यासारखं असतं, तिथून ५६ अंशांच्या वेजने चिप (छोटा, बुटका फटका) मारली की दहापैकी चार बॉल जमिनीलगत सुटतात आणि ग्रीन ओलांडून पलीकडे जातात. ६० अंशांचा घेतला तर आणखी वाईट. जास्त लॉफ्ट म्हणजे जास्त सुरक्षित, असं नाही का?
— खारघर

नाही, आणि हा या वेळचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

नियमाप्रमाणे बॉलचा व्यास निदान ४२.६७ मिलिमीटर असतो, म्हणजे त्रिज्या सुमारे २१. बॉल टणक जमिनीवर आहे, खाली गवत नाही असं धरा. तिरकं तोंड गोल बॉलला कुठे टेकतं? लॉफ्ट जितका जास्त, तितकं खाली. गणित भूमितीचं आहे, कागदावर काढून पाहता येईल. १५ अंशांचा ३ वुड (मोठ्या डोक्याचा, लांब पल्ल्याचा क्लब) जमिनीपासून सुमारे १६ मिलिमीटरवर टेकतो. ३२ अंशांचा ७ आयर्न १० मिलिमीटरवर. ४५ अंशांचा पिचिंग वेज ६ मिलिमीटरवर. तुमचा ५६ अंशांचा साडेतीन मिलिमीटरवर, आणि ६० अंशांचा तीनलाही पोचत नाही.

क्लबची पुढची कड या उंचीच्या खाली असेल तरच तोंड बॉलला लागतं. कड वर राहिली तर तोंड बाजूला राहतं आणि कडच बॉलला भिडते. ७ आयर्नने तुम्हाला सेंटिमीटरभर चूक माफ आहे. ६० अंशांच्या वेजला तीन मिलिमीटरही माफ नाही. बॉलखाली पाच मिलिमीटर दाट गवत असेल तर ही माफी तेवढ्याने वाढते, साडेतीनची साडेआठ होते. खरवडलेल्या जागी ती वाढ मिळत नाही, आणि तुमचे चार बॉल तिथेच जातात.

यात बाउन्सची भर पडते. वेजचा तळ पुढच्या कडेपेक्षा खाली उतरलेला असतो, त्या कोनाला बाउन्स म्हणतात. ४ ते ६ अंश म्हणजे कमी, ७ ते १० मध्यम, त्यावर जास्त. वाळूत आणि मऊ मातीत जास्त बाउन्स क्लबला रुतू देत नाही. टणक आखूड गवतावर तोच बाउन्स आधी टेकतो आणि कड उचलून धरतो. त्यात तुम्ही तोंड उघडलंत, बॉल उंच जावा म्हणून, तर लॉफ्ट वाढतो, टेकण्याची उंची कमी होते आणि बाउन्स कड आणखी वर ढकलतो. ६० अंशांचा वेज उघडून खरवडलेल्या गवतावरून उंच लॉब मारणं दूरदर्शनवर सुंदर दिसतं. आमचं मत विचाराल तर शनिवार-रविवारी खेळणाऱ्याने ते दूरदर्शनवरच पाहावं.

मग काय करायचं? पहिला पर्याय पटर, म्हणजे ग्रीनवर बॉल घरंगळवायचा क्लब. ग्रीनपर्यंत गवत सगळं आखूड आहे, मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) किंवा लांब गवताची पट्टी नाही, अंतर दहा-बारा मीटर, तर पटर. लाज बाळगू नका. अमेरिकेतल्या पाइनहर्स्ट नंबर २ या कोर्सवर ग्रीनभोवतीचं गवत मुद्दाम असं कातरलेलं असतं, आणि तिथे २०१४ साली झालेल्या यूएस ओपनमध्ये मार्टिन कायमरने बाहेरून वारंवार पटर वापरला आणि आठ फटक्यांच्या फरकाने जिंकला.

दुसरा पर्याय कमी लॉफ्टची चिप. ढोबळ हिशेब असा: सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनवर पिचिंग वेज एक भाग हवेत आणि दोन भाग जमिनीवर. ९ आयर्नला एकास तीन, ८ आयर्नला एकास चार, ७ आयर्नला एकास पाच. बॉलपासून ग्रीनच्या कडेपर्यंत तीन पावलं आणि कडेपासून झेंड्यापर्यंत बारा असतील तर ८ आयर्न घ्या आणि बॉल कडेच्या जरासा आत पाडा. चढ असेल तर एक क्लब वरचा (८ ऐवजी ७), उतार असेल तर खालचा (८ ऐवजी ९).

उभं राहण्याची पद्धत: पावलं जवळ, वीतभर अंतर. बॉल मध्यापासून किंचित मागे. साठ टक्के वजन डाव्या पायावर, आणि ते तिथून हलवायचं नाही. हात बॉलच्या तीन-चार सेंटिमीटर पुढे. हात पुढे घेतले की लॉफ्ट आपोआप घटतो. ५६ अंशांचा वेज ४६ अंशांसारखा आला तर माफी साडेतीनवरून सहा मिलिमीटर होते. फार पुढे मात्र नको, कारण मग बाउन्स पूर्ण जातो आणि कड सुरीसारखी मातीत घुसते. मऊ जमिनीत हा धोका मोठा.

लाय (बॉल गवतात कसा बसलाय ते) कशी आहे हे डोळ्यांना नेहमी कळत नाही. सरावाच्या वेळी खिशातलं दहा रुपयांचं नाणं गवतात उभं धरून पाहा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर. गवत निम्म्याच्या खाली असेल तर फेअरवेची उंची आहे, पावच झाकलं गेलं तर खरवडलेली जागा. चार-पाच वेळा पाहिलं की पायाखालच्या स्पर्शावरूनही अंदाज येऊ लागतो. (स्पर्धेत आपल्या बॉलभोवती हा प्रयोग नको. गवत दाबलं गेलं तर लाय सुधारल्याचा दंड बसतो.)

आखूड फेअरवेवरून ३ वुड मारायचा धीर होत नाही. घेऊच नये का?
— ऐरोली

घ्या, पण वरचं गणित पाहून. ३ वुडला १६ मिलिमीटर माफी आहे, वेजच्या चौपट. कड पुरेशी खाली नेण्याची अडचणच नाही. बिघडतं ते उचलण्याच्या इच्छेने. लॉफ्ट कमी दिसतो, म्हणून माणूस मागे झुकतो, कमानीचा तळ बॉलच्या बराच मागे जातो आणि वर चढता क्लब बॉलच्या डोक्याला लागतो. व्यावसायिक खेळाडूसुद्धा फेअरवेवरून ३ वुड सुमारे तीन अंश खाली येत मारतात. बॉल डाव्या टाचेच्या दोन-तीन बोटं आत ठेवा आणि बॉलच्या पुढचं गवत पुसायचं आहे असं समजा.

तरीही बॉल उंचावत नसेल तर तुमचा वेग त्या लॉफ्टला पुरत नाही. ५ वुड किंवा १९ ते २२ अंशांचा हायब्रिड (वुड आणि आयर्नच्या मधला क्लब) जास्त दूर जाईल. हे पटायला वेळ लागतो.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला टी-ऑफ घेतो. पहिल्या चार-पाच होलना वेजचा बॉल उंच उडतो आणि ग्रीनवर थांबत नाही. दहानंतर सगळं ठीक. हे दवामुळे का? पावसाळ्यातही हेच होतं.
— वाशी

हो, दवच. पहिल्या उत्तरातलं निसरडेपण इथे रफशिवाय मिळतं. गवत बारा मिलिमीटरच असलं तरी प्रत्येक पात्यावर पाणी आहे, बॉलवर आहे, आणि तुम्ही सरावाचा स्विंग घेतलात की क्लबच्या तोंडावरही येतं. वेजवर याचा परिणाम सगळ्यात जास्त, कारण तिरक्या तोंडावर बॉल घसरायला जास्त वाव असतो. कोरड्या तोंडाने तो खालून निघून करकचून फिरतो, ओल्या तोंडाने उंच निघतो आणि मऊ पडल्यासारखा दिसतो, पण फिरकी नसल्याने पुढे पळतो.

उपाय सोपा, आणि म्हणूनच कोणी करत नाही. दोन पंचे ठेवा: एक ओला, ग्रूव्हमधली माती काढायला, आणि एक कोरडा, बॅगच्या आतल्या कप्प्यात. सरावाचा स्विंग गवताला न लावता घ्या, किंवा आधी घेऊन मग तोंड पुसा. फटक्याच्या लगेच आधी पुसलेलं तोंड हवं. दोन मिनिटांपूर्वी पुसलेलं चालत नाही. बॉल मात्र फेअरवेवर पडलेला असताना उचलून पुसता येत नाही. दव असताना पूर्ण वेजऐवजी एक क्लब जास्त घेऊन छोटा स्विंग करा आणि झेंड्याच्या अलीकडे पाडून पळू द्या.

पावसाळ्यात आणखी दोन गोष्टी बदलतात. गवत झपाट्याने वाढतं आणि ओल्या जमिनीवर मशीन नेता येत नाही, कारण चाकांचे चर पडतात. त्यामुळे तुमचा 'फेअरवे' आठवडाभर पंचवीस मिलिमीटरचा असू शकतो, आणि तो फ्लायर देतो. दुसरं म्हणजे बॉलला चिकटलेली माती. बॉल बहुधा माती असलेल्या बाजूच्या विरुद्ध दिशेला वळतो. उजवीकडे माती, तर डावीकडे वळेल असं धरून नेम घ्या. वेग जितका जास्त, तितकं वळण जास्त, म्हणून एक क्लब वर घेऊन सावकाश मारा.

पावसात बॉल फेअरवेवर स्वतःच्याच खड्ड्यात रुतला. फुकट उचलता येतो का? सोबतचे म्हणाले, 'कुठेही ठेव, पावसाळा आहे.'
— कळवा

रुतलेल्या बॉलला दंडाशिवाय सूट आहे, नियम १६.३. बॉलचा काही भाग जमिनीच्या पातळीखाली हवा आणि तो खड्डा त्याच फटक्याने झालेला हवा. २०१९ पासून ही सूट फक्त फेअरवेपुरती नाही, रफमध्येही आहे. स्थानिक नियमाने ती फेअरवेच्या उंचीच्या गवतापुरती मर्यादित करता येते. बॉलच्या लगेच मागची जागा धरून एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. बॉल पुसता येतो.

'कुठेही ठेव' हे मात्र प्रिफर्ड लाइजचा स्थानिक नियम (बॉल उचलून जवळच्या बऱ्या जागी ठेवू देणारा) त्या दिवशी लावलेला असेल तरच, आणि तोही कोर्सच्या कमिटीने ठरवलेल्या अंतरातच. पावसाळा आहे म्हणून तो आपोआप लागू होत नाही. स्टार्टरकडे (खेळ सुरू करून देणाऱ्या माणसाकडे) विचारा.

पनवेलजवळ आमच्या फार्महाऊसवर पाच बाय चार मीटरचं लॉन आहे. चिपिंगसाठी फेअरवेसारखं करायचं म्हणून मशीनची उंची सगळ्यात खाली आणली. दोन दिवसांत पिवळं पडलं, आता मध्ये टकलं दिसताहेत. काय चुकलं?
— नवीन पनवेल

एका दिवसात खाली आणलंत, हे चुकलं. गवताचं हिरवं पान वर असतं, खाली तपकिरी देठ. चाळीस मिलिमीटरची सवय असलेलं गवत एकदम बारावर आणलं की पान सगळं जातं आणि देठ उघडे पडतात. अन्न तयार करायला काही उरत नाही.

सध्या काही कापू नका. पाणी द्या, पाती चाळीसपर्यंत येऊ द्या. मग नियम एकच: एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. चाळीसवरून अठ्ठावीस, मग वीस, मग चौदा, मग बारा. प्रत्येक टप्प्यावर गवत पुन्हा हिरवं आणि दाट दिसेपर्यंत त्याच उंचीवर कापत राहा, निदान आठवडाभर. ओल्या गवतावर मशीन घसरतं, म्हणून भर पावसात हे काम नको. पाऊस ओसरला की सुरू करा, जमीन तेव्हा अजून गरम असते आणि वाढ चालू असते.

बारावर आलात की खरी कटकट सुरू होते. एक तृतीयांशाच्या हिशेबाने गवत अठरावर पोचण्याआधी कापायला हवं. वाढीच्या दिवसांत म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी. आठवड्यातून एकदाच फार्महाऊसवर जाणार असाल तर बाराचा नाद सोडा. वीसवर ठेवा, सराव तरीही चांगला होईल.

मशीन कोणतं वापरता ते पत्रात नाही, पण बहुधा पंख्यासारखं फिरणारं पातं असावं. ते गवत कापत नाही, फटकारून तोडतं. टोकं फाटतात आणि दुसऱ्या दिवशी पांढरट दिसतात. वीसच्या खाली जायचं तर रील मोअर लागतो: गोल फिरणारी पाती खालच्या स्थिर पात्यावर घासून कात्रीसारखं कापतात. हाताने ढकलायचा मिळतो आणि तुमच्या वीस चौरस मीटरला पुरतो. धार तपासायला कागदाची पट्टी आडवी धरून रील हाताने सावकाश फिरवा. कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. चुरगळला तर पात्यांमधलं अंतर जुळवा, आणि बोटं लांब ठेवा.

टक्कल पडतं ते जमीन उंचसखल असल्यानेही. उंचवट्यावर मशीन सोलून काढतं. वाळूचा पातळ थर द्या, ३ मिलिमीटर. वीस चौरस मीटरला साठ लिटर वाळू, म्हणजे तीन मोठ्या बादल्या. धुतलेली, चाळलेली हवी. खाडीची खारट नको. पसरून खराट्याने घासा, पात्यांची टोकं वर दिसली पाहिजेत. महिन्याने पुन्हा. दोन-तीन थरांत पातळी येते.

आणि गवत कोणतं आहे ते पाहा. सगळं लॉन बारावर टिकत नाही. टिकते ती हरळी, आपल्या दूर्वाच. जगभर बर्म्युडा नावाने फेअरवेवर जिचे संकरित वाण लावतात तीच. जमिनीवरून आणि जमिनीखालून, दोन्हीकडून पसरते, म्हणून कितीही कातरली, खणली तरी भरून येते. शेतकरी तिला शिव्या घालतो ते याच गुणासाठी. तिला एकच गोष्ट सोसत नाही, सावली. दिवसाला सहा तास थेट ऊन नसेल, आंब्याखाली असेल, तर हरळी विरळ होत जाईल आणि कितीही वाळू घातली तरी दाटणार नाही.

फेअरवेवर फिकट आणि गडद पट्टे दिसतात. फक्त शोभेसाठी का? कॅडी म्हणतो, 'उलट्या गवतावर चिप नको.'
— कोपरखैरणे

कॅडीचं ऐका. मशीन ज्या दिशेने गेलं तिकडे पाती झुकतात. तुमच्यापासून दूर झुकलेली पाती उजेड परतवतात, ती फिकट आणि चमकदार दिसतात. तुमच्याकडे झुकलेली गडद दिसतात. गडद पट्ट्यावर क्लब पात्यांच्या टोकांवर जातो. हरळीची पाती ताठ असल्याने छोट्या, संथ चिपमध्ये ती क्लबला अडवतात. पूर्ण वेगाच्या ७ आयर्नला हा फरक जवळपास जाणवत नाही. उलट्या गवतावर पटर किंवा हायब्रिडने ढकललेला बॉल बरा, पण ताकद थोडी जास्त लावा, कारण घरंगळही कमी मिळते. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल कोर्सवर फेअरवे ग्रीनकडून टीकडे कापतात. पाती खेळाडूकडे तोंड करून राहतात आणि ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) कमी घरंगळतो.

फेअरवेच्या मधोमध सरळ ड्राइव्ह, आणि बॉल कोणाच्या तरी डिव्हटमध्ये. सूट?
— मुलुंडहून, पण खेळायला खारघरला

नाही. आहे तिथूनच खेळायचं. बॉल न हलवता असे उभे राहा की तो नेहमीपेक्षा एका बॉलभर मागच्या पायाकडे येईल, हात पुढे, एक क्लब जास्त, पाऊण स्विंग. बॉल खाली राहील आणि जास्त घरंगळेल, तेवढं धरून नेम घ्या. वाळूने भरलेला डिव्हट असेल तर बॉल आधी लागणं आणखी गरजेचं. त्या दिवशी प्रिफर्ड लाइज लागू असतील तर मात्र उचलून शेजारच्या हरळीवर ठेवा आणि गप्प राहा.